डाव्या हाताचा मोजा

'हातमोजा' हा शब्द मराठीत रूढ आहे, परंतु तो राबणाऱ्या हातांचा शब्द नव्हे. 'मोजा' फारसीतून आला आणि मुळात तो पायांचा. त्यामुळे 'हातमोजा' म्हणजे हातात घातलेला पायमोजाच. यात मराठीने काही विपरीत केले असे नाही. जर्मन भाषेतही हातमोज्याला 'हाताचा जोडा' अशाच घडणीचा शब्द आहे. 'दस्ताना' हा फारसीतलाच दुसरा शब्द थेट हातावरून, म्हणजे 'दस्त'वरून झालेला. पण तो आपल्याकडे आला तो चिलखताच्या सोबतीने, योद्ध्याच्या मनगटावर. पुढच्या काळात हातमोजे दिसू लागले ते शल्यविशारदाच्या, यष्टिरक्षकाच्या आणि हिवाळ्यात स्कूटरवरून कचेरीला जाणाऱ्या कारकुनाच्या हातांत. जळाऊ लाकूड तोडणाऱ्याच्या, काटेरी फांदी ओढणाऱ्याच्या हातांत काय घालायचे, हा प्रश्न भाषेला फारसा पडलेला दिसत नाही. आणि जो प्रश्न भाषेला पडत नाही तो बहुधा समाजालाही पडलेला नसतो.

कर्जत आणि खालापूर या ज्या दोन तालुक्यांत आम्ही उभयता राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथे सरपणाभोवतीची शब्दसंपत्ती काही दरिद्री नाही. वाळकी, हाताने मोडणारी ती काटकी. जरा जाड ती फाटी. फोडावा लागतो तो ओंडका. फोडताना उडते ती ढलपी. बांधून डोक्यावरून येते ती मोळी. मोळीखाली डोक्याला चुंबळ असते. पावसात पाठीवर इरले असे. कोयत्यालासुद्धा हक्काची जागा असते: कमरेला मागच्या बाजूस बांधलेली आकडी. डोके, पाठ, कंबर, पाय या साऱ्यांची काही ना काही सोय परंपरेने केली आहे. हाताच्या वाट्याला मात्र एकच गोष्ट आली आणि तीही त्याने स्वतःच तयार केलेली. ती म्हणजे घट्टा.

आम्ही वर्गात जे साहित्य शिकवतो त्यात घट्ट्यांना मानाचे स्थान आहे. कष्टकऱ्याचा हात म्हटला की घट्टे आलेच. ते त्याचे भूषण, त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला, क्वचित त्याचे बिरुद. वस्तुस्थिती अशी की घट्टा हा कातडीने काढलेला एक तोडगा आहे. एकाच जागी वारंवार दाब आणि घर्षण झाले की त्वचेचा वरचा थर जाड होत जातो. हे संरक्षण घासण्यापुरते असते. काट्यापुढे ते अपुरे पडते, पात्यापुढे त्याचा काही उपयोग नाही, आणि हिवाळ्यात तेच कोरडे पडून त्याला भेगा पडतात. घट्ट्यांवर जितके लिहिले गेले त्याच्या शतांशाने या भेगांवर लिहिले गेले असेल की नाही याची शंका वाटते. घट्ट्याचे कौतुक करणे सोपे जाते, कारण त्यासाठी कोणाला काही विकत आणावे लागत नाही.

हा विचार केवळ व्यासंगातून सुचला असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. तो सुचला तो एका खरेदीच्या निमित्ताने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरुडकडील बागांची जी दैना झाली तिच्यापुढे आमच्या आतल्या तालुक्यांतील नुकसान किरकोळच. तरी आमच्या परसातला एक आंबा आणि कुंपणाबाहेरचा एक ऐन आडवा झाला. पावसाळाभर दोन्ही झाडे तशीच भिजत पडली. दिवाळीनंतर ती तोडायची ठरली तेव्हा आमच्याकडे बंबासाठी वर्षानुवर्षे मोळी घालणाऱ्या मावशींनी काम अंगावर घेतले. मावशी खालापूरकडच्या एका कातकरी वाडीवरच्या. सारी आळी त्यांना मावशी म्हणते आणि त्या साऱ्या आळीला 'तू' म्हणतात. बोली अशी झाली की तोडणी त्यांची व त्यांच्या यजमानांची. मजुरी रोख, आणि वर निम्मे लाकूड त्यांचे.

मावशींच्या डाव्या हाताची तर्जनी पुरती सरळ होत नाही. फार वर्षांपूर्वी फांदी धरलेल्या हातावर कोयता घसरला होता. जखम चिघळली, पाऊण महिना काम बंद राहिले. त्या हे सांगतात तेव्हा बोटाविषयी थोडे बोलतात आणि त्या पाऊण महिन्याविषयी पुष्कळ. 'हातावर पोट असणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्गात लाक्षणिक अर्थाचे उदाहरण म्हणून देत असू. मावशींच्या संदर्भात तो अगदी वाच्यार्थाने खरा आहे. ऐनाचा बुंधा फोडण्यापूर्वी हातांसाठी काही तरी आणावे, असे आम्ही सुचवले ते या बोटाकडे पाहून. चप्पल जशी दुसऱ्याच्या पायाने घेता येत नाही तसाच मोजाही दुसऱ्याच्या हाताने घेता येणार नाही, म्हणून खरेदीला मावशींनीच यावे असे ठरले.

खोपोली हे खालापूर तालुक्यातले कारखान्यांचे गाव. टाटांचे जलविद्युत केंद्र येथे १९१५ साली सुरू झाले आणि पुढे त्याच्या आसऱ्याने कारखाने उभे राहिले. त्यामुळे येथील हार्डवेअरच्या दुकानांत कामगारांचे हातमोजे विपुल मिळतात. दुकानात त्यांना हातमोजे कोणी म्हणत नाही. तेथे ते 'ग्लोव्ह्ज'च असतात. दुकानदाराने फळीवर चार प्रकार मांडले. ज्यांना सरपण, कुंपण किंवा बागेच्या कामासाठी अशी खरेदी करायची असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून त्यांचे गुणदोष येथे थोडे विस्ताराने देतो.

पहिला प्रकार विणलेल्या सुती मोज्यांचा, तळव्यावर प्लास्टिकचे ठिपके असलेला. हा सर्वांत स्वस्त, हवेशीर, आणि बरेचदा डावा-उजवा असा भेद नसलेला. दोन्ही अंगांना ठिपके असतील तर एक बाजू झिजली की हात बदलून घालता येतो. वाळक्या, साफ फाट्या रचायला हा पुरतो. परंतु करवंदीचा काटा त्यातून सरळ आत येतो, आणि खाजकुयलीच्या शेंगांवरची लव त्याच्या विणीत अशी अडकते की तो मोजा पुन्हा हातात घालवत नाही. दुसरा प्रकार विणलेल्या कापडाला तळव्याकडून रबर किंवा नायट्राइलचा लेप दिलेल्या मोज्यांचा. हातावर घट्ट बसतो, ओल्या लाकडावरही पकड सुटत नाही, पाठीकडून हवा खेळते. काट्यापुढे मात्र हाही फार टिकत नाही. तिसरा प्रकार वेल्डरचे लांब बाह्यांचे मोजे. चामड्याचा वरचा गुळगुळीत थर वेगळा काढल्यावर खालचा जो खरखरीत थर उरतो त्याचे हे बनतात. उष्णतेपुढे उत्तम, परंतु बोटे ताठ राहतात आणि रुंद बाहीतून ढलप्या आत शिरतात. चौथा प्रकार चामड्याच्या वरच्या थराचा, मनगटाशी बेताचा, पाठीवर इलॅस्टिकची चुणी असलेला. गाईच्या चामड्याचा जाड, शेळीच्या चामड्याचा पातळ तरी चिवट आणि मऊ.

जाड तो टिकाऊ अशी सर्वसाधारण समजूत असते. मावशींनी लावलेली कसोटी निराळी होती. त्यांनी गल्ल्याशेजारचे सुतळीचे एक टोक मागून घेतले आणि प्रत्येक मोजा चढवून सुतळीची गाठ मारून पाहिली. मोळी बांधायला त्या मुरुडशेंगीच्या सालीचा बंद वापरतात. तो मोजा न काढता आवळता आला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. मोजा काढून गाठ मारायची आणि पुन्हा घालायचा असे दिवसातून चाळीस वेळा करावे लागले तर चाळिसातल्या पाचव्या खेपेलाच तो झाडाखाली पडून राहणार, हे त्यांना दुकानातच कळले होते. वेल्डरचा मोजा या परीक्षेत तात्काळ बाद झाला. गाईच्या चामड्याचा जेमतेम उतरला. शेळीच्या चामड्याच्या मोज्यात गाठ बसली.

घरी आल्यावर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले तेव्हा असे दिसले की ही कसोटी युरोपीय मानकांतही आहे. हातमोज्यांच्या सामान्य मानकात बोटांच्या चपळाईची एक परीक्षा असते: मोजा घालून ठरावीक जाडीच्या धातूच्या बारीक कांड्या उचलायच्या. ११ मिलिमीटर जाडीची कांडी उचलता आली तर पहिली पायरी, ५ मिलिमीटरची उचलता आली तर पाचवी. 'ईएन ३८८' या दुसऱ्या मानकात घासणे, कापणे, फाटणे आणि टोचणे यांसाठी अंक दिले जातात आणि ते मोज्यावर ढालीच्या चित्राखाली छापलेले असतात. २०१६ नंतरच्या मोज्यांवर कापण्याच्या दुसऱ्या चाचणीचे एक अक्षरही असते. पहिला आणि तिसरा अंक सरपणाच्या कामी महत्त्वाचा, कारण लाकूड हात घासते आणि खुंट मोजा फाडते. चौथ्या अंकावर मात्र विसंबू नये. टोचण्याची ती चाचणी जाडसर, बोथट टोकाच्या पोलादी सळईने घेतात. करवंदीचा किंवा बाभळीचा काटा त्याहून कितीतरी बारीक असतो. आणि कोणताही अंक उगारलेल्या कोयत्याचा घाव झेलण्याची हमी देत नाही. मोजा ओरखडा अडवतो, घाव नव्हे.

मापाचा प्रश्न याहून अवघड निघाला. युरोपीय मापांत तळव्याचा घेर १७८ मिलिमीटर असेल तर सात क्रमांक, २०३ असेल तर आठ, २२९ असेल तर नऊ. दुकानात होते ते सारे नऊ आणि दहा. 'बायका कुठे घेतात ग्लोव्ह्ज?' असे दुकानदार म्हणाला, आणि ते त्याच्या अनुभवाला धरूनच होते. मावशींचा हात सात-आठच्या मधला. सैल मोज्यात बोटाच्या टोकाशी जी पोकळी राहते ती कोयत्याच्या कामात धोक्याची, कारण आपले बोट नेमके कोठे संपते हे हाताला कळेनासे होते. माळ्यावरच्या एका खोक्यात निर्यातीच्या मालातला उरलेला आठ क्रमांकाचा एक जोड सापडला. औद्योगिक वापराचे चामडी हातमोजे आपल्याकडून मोठ्या प्रमाणात परदेशी जातात आणि कोलकाता हे त्यांचे प्रमुख केंद्र आहे. दूरदेशीच्या लहान हातांसाठी शिवलेला जोड खोपोलीच्या माळ्यावर शिल्लक राहिला म्हणून खालापूरच्या हाताला बसला, असा तो योग. मनगटाशी बांगड्यांची अडचण होती. मावशींनी त्या कोपराकडे सारल्या, चुणी बांगड्यांच्या खाली बसते की नाही ते पाहिले आणि मान हलवली.

शिवण कोठे आहे हेही त्यांनीच पाहिले. मोजा प्रथम झिजतो तो अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या खाचेत व त्या दोन बोटांच्या टोकांशी. तेथे जर चामड्याचा दुहेरी तुकडा लावलेला असेल आणि शिवण दाबाच्या जागेवर आलेली नसेल तर मोजा दुप्पट चालतो. अस्तर नसलेला मोजा घ्यावा, हे आमचे दुसरे अनुमान. आमच्याकडच्या दमट हवेत अस्तर घामाने ओले राहते आणि कुसळे धरून ठेवते. आणखी एक कारण पुढे येईलच.

पुढे काम सुरू झाले तेव्हा लक्षात आले की मावशी डाव्या हातातच मोजा घालतात. उजव्या हातात कोयता असतो आणि त्याची मूठ त्यांना उघड्या तळव्यानेच धरायची असते. चामड्यावरून गुळगुळीत मूठ फिरते, असे त्यांचे म्हणणे. विचार केला तर धोका खरोखर डाव्या हातालाच असतो. फांदी तो धरतो, काटे तो बाजूला सारतो, आणि घाव चुकला तर तो त्याच्यावर येतो. त्यांची वाकडी तर्जनी डाव्या हाताचीच. फोडलेले लाकूड उचलताना आणि मोळी रचताना मात्र त्या दोन्ही मोजे चढवीत. येथे एक सावधगिरी नमूद केली पाहिजे. वखारीतल्या फिरत्या गोल करवतीशी काम करताना मोजा घालू नये. पात्याने मोज्याचे टोक पकडले तर ते हात आत ओढते.

मोज्याचा आणखी एक उपयोग रायगडात विसरून चालणार नाही. लाकडाच्या रचलेल्या ढिगात विंचू राहतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत असत. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशाची लक्षणे बारकाईने नोंदवली. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लान्सेट' या नियतकालिकात आले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने त्या मृत्यूंना मोठा आळा बसला. दंश अनेकदा बोटांना होतो, कारण अंधारात ढिगातून लाकूड ओढताना बोटेच पुढे असतात. चामडे तेथे उपयोगी पडते. मात्र रात्रभर ढिगावर राहिलेला मोजा हे विंचवाचे आयते घर होते. म्हणून घालण्यापूर्वी तो आपटून, बोटे दाबून पाहावा आणि शक्यतो खुंटीला टांगून ठेवावा. मावशींची जुनी सवय याहूनही चांगली आहे. त्या प्रत्येक लाकूड कोयत्याच्या टोकाने आधी उलटतात आणि मगच हात लावतात. मोजे आले म्हणून ही सवय त्यांनी सोडलेली नाही.

परंतु हे सारे पुढचे. दुकानात जोड कागदात बांधला जात असताना मावशींनी जो प्रश्न विचारला तो या लेखाचे खरे कारण आहे. त्या म्हणाल्या, "मोजा घालून हात मऊ पडंल. मंग मोजा फाटला का नवा कोन देल? तू देशील?"

या प्रश्नाला दुकानात उत्तर नव्हते. घट्टा काही आठवड्यांत मऊ पडतो हे खरे आहे; दाब गेला की कातडी जाड राहण्याचे कारण उरत नाही. म्हणजे एक हंगाम मोजा वापरून पुढच्या हंगामात तो मिळाला नाही तर हात पूर्वीपेक्षाही उघडा पडणार. एकदाच दिलेला मोजा हा अशा हिशेबात उपकार नसून जोखीम ठरतो. मावशींनी किंमत विचारली आणि ती मोळ्यांत मोजली. "दोन मोळ्यांना एक जोड." दुकानदार म्हणाला, वर्षभर चालेल. "वर्ष नाय, एक हंगाम," मावशी म्हणाल्या. पैसे आम्ही देत आहोत, त्यांनी काळजी करू नये, असे आम्ही म्हटल्यावर त्यांनी जे सांगितले ते आमच्या कानांत अजून आहे: "फुकट नको. फुकटची वस्तू एकदाच येते." अखेर तो जोड तोडणीच्या मजुरीचा भाग म्हणून, रोख मजुरी कमी न करता, बोलीत धरला गेला. कुऱ्हाडीला धार लावण्याचे पैसे जसे कामात धरतात तसे.

कारखान्याच्या फाटकाच्या आत हातमोजा पुरवणे ही निदान कागदावर तरी मालकाची जबाबदारी असते. मोळीला मालक नाही. तिला गिऱ्हाईक आहे, आणि कायदा आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची व्याख्या करताना कोळसा आणि कात हे दोन्ही पदार्थ, ते वनात मिळोत अथवा बाहेर, वनोपजच धरले आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले आणि दिवाळीनंतर उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जाण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांचे दोन्ही धंदे एका व्याख्येत बसले. आजच्या उरण तालुक्यातील चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्या सत्याग्रहाचे हत्यार झाड तोडायचा कोयता हेच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या यादीत बांबू, मध आणि तेंदूपानांबरोबर झुडपी लाकूड आणि बुंधे यांचीही नोंद केली. या सगळ्या शब्दांकनात लाकडाचा प्रत्येक प्रकार मोजला गेला आहे. ते लाकूड ज्या हाताने येते तो हात कोठेच मोजलेला नाही. कायद्याने तो मोजला नाही, आणि बाजारभावातही तो धरलेला नसतो.

बाजार तर अलीकडे बदलला आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्यांवर सिलिंडर आले. मावशींच्या घरी तो आहे; चहाला आणि पाहुण्यांना वापरतात. सिलिंडर भरून आणायला रोख लागते, फाट्या आणायला हात लागतात, आणि हात नेहमी जवळ असतात. दुसरीकडे कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर पाट्या लागल्या आहेत: चुलीवरचे मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरची भाकरी. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्यांना धुराचा वास हवा असतो आणि फार्महाऊसवर रात्री शेकोटी. ज्या चुलीतून घरच्या बाईची सुटका व्हावी म्हणून सिलिंडर आला, ती चूल आता जेवणाच्या दरात चार पैसे जास्त मिळवून देते. यात उपरोध शोधण्यात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. चुलीवरच्या जेवणाला जर जास्त दाम मिळत असेल, तर त्यातला काही अंश मोळीपर्यंत पोहोचतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मावशींनी तो प्रश्न स्वतःच मांडला. २०२१ च्या हंगामात त्यांनी ज्या खानावळीला मोळ्या घातल्या तिच्या मालकाकडे मोळीमागे दहा रुपये वाढ मागितली. कशाची, असे विचारल्यावर त्यांनी मोजा दाखवला. "मोज्याचे पैसे मी कशाला देऊ?" असे मालक म्हणाला. "मी मोजा नाय मागत. मोळीचा भाव मागते," असे मावशींचे उत्तर. दोन दिवस त्यांनी मोळी घातली नाही. वाडीवरच्या आणखी तिघींनीही घातली नाही. तिसऱ्या दिवशी सहा रुपयांवर तडजोड झाली. ही हकीकत आम्हांस मावशींकडून कळली. त्यात आमचा काही हात नव्हता, आणि तिचे महत्त्व आमच्या मते त्यातच आहे.

पहिला जोड मावशींच्या भाकिताप्रमाणे एक हंगामच चालला, म्हणजे डावा. अंगठ्याच्या खाचेत तो विरला तेव्हा उजवा जवळजवळ कोरा होता. मावशींनी तो आतून बाहेर उलटवला आणि डाव्या हातात घातला. अस्तर नसलेला मोजा असा उलटवता येतो. उजव्याचा डावा होतो. शिवणी बाहेर येतात आणि लवकर झिजतात खऱ्या, पण आतल्या बाजूला बोटांना काही रुतत नाही. अशा रीतीने एका जोडाचे दोन डावे मोजे झाले आणि दीड हंगाम निघाला. पावसाळ्यात, आगोटीचे सरपण घरात भरून झाल्यावर, त्या मोज्याला खोबरेल चोळून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवतात. येथे पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चामड्याला बुरशी येते, आणि ओला मोजा चुलीशी वाळवला तर तो कडक होऊन आक्रसतो. सावलीतच वाळवावा.

'टिकाऊ' हा शब्द आपण वस्तूला लावतो. तो मोज्याला लावायचा तर चामडे, शिवण, माप यांचे जे येथे सांगितले ते पुरेसे आहे. मावशी तो शब्द हाताला लावतात, आणि तसा लावला की मोजा किती दिवस चालतो यापेक्षा तो फाटल्यावर दुसरा येतो की नाही याला जास्त महत्त्व येते. दुसरा जोड २०२२ मध्ये त्यांनी स्वतः आणला. वाडीवरच्या दोघी त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. आठ क्रमांकाचे मोजे आता त्या दुकानदाराने खालच्या फळीवर ठेवले आहेत, असे त्या सांगत होत्या. मोज्यांची किंमत मधल्या काळात थोडी वाढली होती. तरीही मोळ्यांत मोजली तर ती उतरली होती. या वेळी दीड मोळीला एक जोड पडला.